बाबांचं मृत्युपत्र करायचंय, पुण्यात वकील कसा शोधावा? (खर्च १० हजारांपर्यंत)

लेक_कर्वेनगर
बाबा ८१ वर्षांचे, आई ७६. कर्वेनगरात १९८९ साली घेतलेला फ्लॅट, तीन बँकांत एफडी, थोडे शेअर, आणि मुळशीकडे आजोबांची जमीन. तिच्या सातबाऱ्यावर अजून सहा नावं आहेत. आम्ही दोघं भावंडं, धाकटा कॅनडात. आमच्यात वाद नाही. गेल्या महिन्यात बाबा आठ दिवस हॉस्पिटलात होते. घरी आल्यावर चहाच्याही आधी त्यांनी कपाटातली निळी फाईल मागितली आणि म्हणाले, "हे आता कागदावर आणू या."
वकील घरी येणारा हवा, मराठीत सावकाश बोलणारा. बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. नोंदणी करावीच लागते का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

औंधकर
आम्ही ऑनलाइन कंपनीकडून करून घेतलं. ४० हजार लागले, पण काम चोख. मसुदा, व्हिडिओ रेकॉर्डिंग, मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटरही तेच. आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न आहे, इथे पैशाकडे बघू नका.

फुलस्केप
४० हजार कशाला? माझ्या वडिलांनी साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. स्टॅम्पपेपर नाही, नोटरी नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या, बस. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. वडील २०१४ ला गेले, कुठेही अडलं नाही.

धायरीची_सून
तुमच्याकडे वाद नव्हता म्हणून अडलं नाही. आमचं ऐका. सासऱ्यांनी फ्लॅटला थोरल्या दिरांना नॉमिनी केलं होतं, म्हणजे झालं असं सगळे समजत होते. मृत्युपत्र नाही. सासरे गेल्यावर दीर म्हणाले घर माझं. नॉमिनी मालक नसतो हे पटवायला तीन वर्षं आणि दोन वकील लागले. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. आजही दिवाळीला आम्ही एकमेकांकडे जात नाही. नोंदणी कराच.

निवृत्त_शाखाधिकारी
वकिलाच्या आधी बँका उरका. ३४ वर्षं काउंटरच्या आतून बघत आलोय, नवऱ्याची एफडी, नॉमिनी कोरा आणि बाई पिशवी घेऊन समोर उभी. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. लॉकरला मात्र एकामागून एक, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा, असेच लागतात. प्रत्येक पावती काढून बघा.

सहकारनगर_७२
मृत्युपत्र कशाला, बक्षीसपत्रच करा, हयातीतच घर नावावर करून टाका. आम्ही २०१८ ला केलं. राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. मागे कोर्टकचेरीचं काम राहत नाही.

लेक_कर्वेनगर
दादा, आई-बाबा त्याच घरात राहतात. आत्ताच माझ्या नावावर कशाला?

प्रांतऑफिसची_पायरी
ताई, तुमचं बरोबर आहे, हललात तर फसाल. आमच्या मजल्यावरच्या काकांनी मुलाला फ्लॅट बक्षीस दिला. सहा महिन्यांत त्यांची कॉट हॉलमध्ये आली, वर्षभरात सूनबाई स्वयंपाकघराला कुलूप लावायला लागल्या. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे असतो. मी काकांबरोबर चार तारखांना गेलो. पहिला प्रश्न हाच, की सांभाळण्याची अट कागदात कुठे आहे? नव्हती. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका आईला घर परत मिळवून दिलं, पण तिथे मुलाने सांभाळायचं लेखी कबूल केलेलं होतं. काका अजून हॉलमध्येच झोपतात.

सहकारनगर_७२
सगळी मुलं तशी नसतात. माझ्या मुलाबद्दल मी असं ऐकून घेणार नाही.

मराठीप्रेमी
अवांतर: मृत्युपत्र हा शब्द टाळावा. इच्छापत्र म्हणा. ८१ वर्षांच्या माणसासमोर "मृत्यू" कशाला उच्चारायचा?

तिसरी_घंटा
इच्छापत्र म्हटलं की हल्ली लोकांना लिव्हिंग विल वाटतं, म्हणजे व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही ते. ते वेगळं आणि तेही कराच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला मान्यता दिली आणि २०२३ ला पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. आईच्या वेळी आमच्याकडे हा कागद नव्हता. आयसीयूच्या दारात आम्ही तिघी बहिणी एकमेकींवर ओरडत होतो.

निवृत्त_शाखाधिकारी
नॉमिनीचं परत सांगतो. पावत्या काढा.

सारसबाग_सकाळ
साक्षीदार तरुण घ्या! वडिलांनी फिरायला जाणारे दोन मित्र घेतले, दोघं ७८ च्या पुढचे. आत्याने आव्हान दिलं तेव्हा एक गेलेले, दुसऱ्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं. साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी कोर्टात उभं करावं लागतं. आमचे वकील वडिलांच्या मित्राच्या पलंगाशी बसून सही दाखवत होते आणि ते विचारत होते, "चहा झाला का?" पन्नाशीच्या आतले घ्या, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत.

एक_वकील_पुणे
मी वकिली करते. बार कौन्सिलच्या नियमांमुळे स्वतःची जाहिरात करता येत नाही, म्हणून नाव-नंबर मागू नका. वकिलाला फोन कराल तेव्हा एकच गोष्ट विचारा: "बाबांशी एकट्याने बोलाल का?" जो म्हणेल "तुम्हीच मुद्दे पाठवा, मी सही घ्यायला येतो," त्याला सोडा. अशील बाबा आहेत, फी तुम्ही भरलीत तरी. मी मुलांना बाहेर बसवते. ज्याला मिळणार त्यानेच वकील आणला, त्यानेच मजकूर सांगितला, असं दिसलं की कोर्टात संशय तिथूनच सुरू होतो आणि तो दूर करायचं ओझंही त्याच्यावरच पडतं. हॉस्पिटलातून नुकतेच आलेत, तर सहीच्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखलाही घ्या.
दुसरं, फ्लॅटच्या करारावर कोणाकोणाची नावं आहेत? आणि मुळशीच्या जमिनीत बाबा फक्त स्वतःच्या हिश्श्याबद्दल लिहू शकतात.

लेक_कर्वेनगर
आत्ता फाईल उघडली. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर एकट्या बाबांचं नाव, पण १९८९ च्या करारावर दोघांची नावं आहेत! आईला विचारलं तर म्हणाली, "माझ्या बांगड्या मोडल्या होत्या तेव्हा, नाव घालणारच की."

एक_वकील_पुणे
मग बाबा आईच्या हिश्श्याबद्दल लिहू शकत नाहीत. आईचं वेगळं मृत्युपत्र करा. दोघांच्याही कागदात "आधी जोडीदार गेला तर काय" आणि "वर न लिहिलेलं उरलेलं सगळं कोणाला" ही दोन कलमं हवीतच. ती राहिली की घोळ होतो.

कुलमुखत्यार
आईचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) घेऊन ठेवा, म्हणजे पुढचं सोपं, असं कोणी सांगेल. मीही माझ्या आईचं घेतलं होतं. तिला स्मृतिभ्रंश झाल्यावर बँकेने ते बाजूला सारलं. देणारा भानावर असेपर्यंतच ते चालतं. औषधाचे पैसे तिच्याच खात्यात होते आणि मी पालक नेमणुकीसाठी कोर्टात हेलपाटे घालत होतो.

मुंबईहून
प्रोबेटचं, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याचं, कोणीच बोललं नाही! त्याशिवाय काही होत नाही.

फुलस्केप
ती सक्ती मुंबईची होती, २०२५ च्या डिसेंबरात तीही गेली. पुण्यात केलेल्या, पुण्यातल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला कधीच नव्हती. माझ्या वडिलांच्या वेळी कोणी मागितलं नाही.

औंधकर
आमच्या कंपनीने प्रोबेटचंही बघतो म्हणून सांगितलंय. म्हणूनच ४० हजार.

धायरीची_सून
औंधकर, ताईंनी दहा लिहिलेत. ताई, बाकी काही करा न करा, नोंदणी करा. उपनिबंधकांसमोर फोटो आणि अंगठा होतो, मग "ही सही बाबांची नाही" असं म्हणायला कोणाची जीभ वळत नाही. चालता येत नसेल तर ते घरीही येऊ शकतात.

सारसबाग_सकाळ
+१. नोंदणी.

प्रांतऑफिसची_पायरी
नोंदणी. +१.

लेक_कर्वेनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते सांगते.
सदाशिव पेठेतले एक वकील घरी आले, दोन्ही मृत्युपत्रांचे १४ हजार म्हणाले. बजेटच्या वर गेलं, पण आल्या आल्या त्यांनी मला गॅलरीत बसायला सांगितलं आणि खुर्ची बाबांच्या डाव्या कानाकडे ओढली. पाऊण तास दार बंद होतं. नंतर तितकाच वेळ आईशी. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.
नोंदणी करणार नाही. तुमचे सगळे मुद्दे मी बाबांना वाचून दाखवले, वकिलांनीही दोनदा सुचवलं. बाबा म्हणाले, "मला दर दिवाळीला ते काढून वाचायचंय आणि वाटलं तर बदलायचंय. प्रत्येक वेळी त्या ऑफिसात जाऊन बसणार नाही." नोंदणी केलेलंही पुढे साध्या मृत्युपत्राने बदलता येतं, असं वकिलांनी सांगून पाहिलं. बाबा ऐकेनात. कागद त्यांचा आहे, मी वाद घातला नाही.
मसुदा वकिलांचा, पण बाबा तो स्वतःच्या अक्षरात उतरवून काढताहेत. रोज सकाळी पूजा झाली की एक पान. दुसऱ्या पानावर खाडाखोड झाली तर ते फाडून नव्याने लिहिलं. साक्षीदार समोरच्या फ्लॅटमधला मुलगा, वय ३८, आणि आमचे डॉक्टर. दाखलाही तेच देणार. शनिवारी चार वाजता सगळे येताहेत. आईने तिच्या मसुद्यात बांगड्यांचं एक वाक्य घालून घेतलंय.

निवृत्त_शाखाधिकारी
आणि एफडीचे नॉमिनी?

लेक_कर्वेनगर
दोन बँकांचे झाले काका. तिसरीत सोमवारी जाते.