राजाश्रय नेमका कोणी कोणाला दिला? – कार्ले, नाशिकच्या विहारांविषयी

मावळकर

गेल्या महिन्यात मुलीला कार्ल्याला घेऊन गेलो होतो. एकवीरेचं दर्शन घेऊन चैत्यगृहात आलो. सातवाहनांनी लेण्यांना राजाश्रय दिला, हे तिला शाळेत शिकवलेलं. "म्हणजे काय दिलं?" असं तिनं विचारलं आणि मी अडखळलो. घरी येऊन शिलालेखांची भाषांतरं वाचत बसलो. आता माझं मत बनलं आहे, ते मांडतो. राजे विहारांना जेवढा आधार देत होते, तेवढाच विहारही राजांना देत होते. हे आपण मुलांना सांगत नाही.

कार्ल्याचं जुनं नाव वलुरक. सातवाहनांचा प्रतिस्पर्धी, शक क्षत्रप (राज्यकर्ता) नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने इथल्या भिक्खूंना करजिक गाव दिल्याचा लेख चैत्यगृहात आहे. त्याच चैत्यगृहात दुसरा लेख आहे. मामाल, म्हणजे आपलं मावळ, तिथल्या अमात्याला (राजाच्या अधिकाऱ्याला) सातवाहन राजाची आज्ञा आहे की हे गाव वलुरकच्या भिक्खूंना द्यावं. गाव तेच आणि भिक्खूही तिथलेच. बदलला तो देणारा.

नाशिकला हे आणखी उघड दिसतं. आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी नहपानाला हरवणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी विजयी सैन्याच्या छावणीतून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवतो. आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतल्या, भिक्खूंना दे, अशी. म्हणजे लढाई नुकतीच संपली आहे, राजा अजून छावणीतच आहे आणि तेवढ्यात त्याला भिक्खूंची आठवण येते!

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. दानांच्या बाबतीतही त्याने हेच केलं, असं मला वाटतं. आणि हा ठसा लोकांना दिसेल अशी जागा विहाराने त्याला दिली.

अक्षरओळख

मावळकर, लेख छान आहे, पण घाई होते आहे. कार्ल्याच्या त्या आज्ञेत राजाचं नाव तुटलेलं आहे. ते गौतमीपुत्राचं मानणं हा तर्क आहे, दगडावर ते नाही. तुम्ही 'सातवाहन राजा' म्हणालात ते बरोबर, पण पुढची सगळी मांडणी गौतमीपुत्रावरच बेतली आहे.

दुसरं म्हणजे राजवट बदलली की जुनी इनामं नव्या सनदेने चालू ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मराठेशाहीतही आदिलशाहीतली इनामं पुढे चालू राहिली. तो महसुलाचा कारभार आहे. त्यात विहाराने राजाला मान्यता दिली असं काढणं म्हणजे दगडात नसलेलं वाचणं.

शिवाय हेच राजे ब्राह्मणांनाही भरभरून देत होते. नाशिकच्या त्याच उषवदाताने तीन लाख गाई आणि देवाब्राह्मणांना १६ गावं दिल्याचं लिहून ठेवलंय. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका अश्वमेध आणि राजसूयाची दक्षिणा मोजते. मग मान्यता कोणाकडून घेत होते ते?

मावळकर

नावाचा मुद्दा मान्य. नाशिकचा लेख मात्र पक्का आहे, माझा भर त्यावरच धरा.

पण सनदेचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. सनद कोणाच्या शिक्क्याने चालते यावरूनच गावकऱ्याला कळायचं की आता धनी कोण. तो नुसता कारभार कसा? आणि मान्यता दोन्हीकडून घेत असतील, तर त्याने माझा मुद्दा पडत नाही, वाढतो.

त्रिरश्मी

मी नाशिकची. आमच्या आजीच्या तोंडी कायम 'पांडवलेणी'. तिला भिक्खू माहीत नव्हते, की सातवाहनही. म्हणून हा विषय निघाला की मला राहवत नाही.

तुम्ही दोघंही राजांबद्दलच बोलताय. जरा खांबांवरची नावं वाचा ना! कार्ल्याच्या चैत्यगृहाचं दर्शनी काम सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दिलं. दरवाजा घडवणारा सामी नावाचा सुतार. दोघंही धेनुकाकटचे, आणि त्याच गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक वळणाच्या परदेशी लोकांनी, खांब दिलेत. कोकणातल्या कुडा लेण्यांत माळी आणि लोखंडाचा व्यापारी आहेत. आमच्या नाशिकला एक लेणं मुगुदास नावाच्या माणसाने कुटुंबासह दिलं. त्याला लेखात 'दासक' म्हटलंय, अभ्यासक त्याचा अर्थ कोळी असा लावतात.

कोळ्याने डोंगर कोरून घेतला, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. राजा तर छावणीतून आज्ञा पाठवून मोकळा झाला. विहार उभा राहिला तो या माणसांच्या पैशावर. मुलीला राजाश्रय समजावण्याआधी ही नावं सांगा, मावळकर. राजकारण त्यांच्या नंतर आलं.

सह्यभटका

त्रिरश्मीताईंशी सहमत, फक्त मध्ये व्यापार राहिला. घाट चढून बघा. नाणेघाट चढलं की जुन्नरची लेणी, बोरघाटाच्या तोंडाशी कार्ले-भाजे-बेडसे, थळघाटाच्या माथ्यावरून नाशिक, आणि खाली कल्याण बंदराच्या टप्प्यात कान्हेरी. दामोदर कोसंबींनी हे फार पूर्वी दाखवून दिलं. त्यासाठी ते स्वतः हे डोंगर पायी फिरले होते.

पैसा कसा फिरत होता तेही नाशिकलाच कळतं. उषवदाताने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून दिले, पण भिक्खूंच्या हातात नव्हे, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे. २,००० वर महिना शेकडा एक व्याज, १,००० वर पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही. २,००० चं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो. विहाराच्या नावाचं भांडवल विणकरांच्या मागावर, आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंचे कपडे. इथे राजापेक्षा श्रेणीवर जास्त विश्वास दिसतो.

अक्षरओळख

हे पटलं. अजून एक जोडतो. त्याच उषवदाताने भिक्खूंच्या अन्नासाठी जे शेत दिलं ते एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेऊन दिलं. सत्ता हातात असताना मोजून पैसे टाकले. नुसता ठसाच मारायचा असता तर एवढं कशाला केलं असतं?

वाचक१२

तिबेटकडे पाहा. १६४२ मध्ये मंगोल गुश्री खानाने पाचव्या दलाई लामांच्या हाती सत्ता दिली आणि पुढे तीनशे वर्षं मठच राज्य करत होते. विहार आणि सत्ता वेगळी कधी नव्हतीच.

त्रिरश्मी

नाही हो, तिबेटचा साचा इथे बसवू नका. त्रिरश्मीच्या भिक्खूंकडे ना सैन्य होतं ना वसुली. त्यांच्याकडे होता पावसाळ्याचा निवारा आणि लोकांचा आदर. हा आदर राजाला हवासा वाटला असेल, ते मी मान्य करते. पण म्हणून विहार राजकारणात उतरला असं होत नाही.

मावळकर

ताई, तुमची यादी मुलीला वाचून दाखवली. मुगुदास तिला फार आवडला. विहार लोकांनी उभे केले, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. ती चूक माझी.

पण माझं म्हणणं सोडत नाही, कारण १८ व्या वर्षाची ती आज्ञा आहे त्याच लेण्यात पुढचा लेख आहे. २४ व्या वर्षी गौतमीपुत्र आणि राजमाता मिळून अमात्य श्यामकाला कळवतात की आम्ही ककडी गावात भिक्खूंना शेत दिलं होतं, पण ते कसलं जात नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून नगराच्या हद्दीवरच्या आमच्या राजशेतातून १०० निवर्तनं द्या. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी हात लावायचा नाही.

शेत पडीक आहे हे राजाला आपोआप कळलं नसणार. कोणीतरी डोंगर उतरून गोवर्धनला गेलं, अमात्याच्या दारात उभं राहिलं, सहा वर्षांपूर्वीच्या आज्ञेची आठवण करून दिली. सैन्य नसलेल्या माणसांनी राजाला त्याचा शब्द पाळायला लावला, आणि वर त्याच्याच अंमलदारांना त्या जमिनीच्या हद्दीबाहेर थांबवलं. मला हे राजकारणच वाटतं, आणि त्यात भिक्खूंचा कमीपणा काही नाही. मुलीला पुढच्या सुट्टीत तोच लेख दाखवायला नाशिकला आणतो आहे. तुम्ही याल का सोबत?

त्रिरश्मी

जरूर. पण आधी मुगुदासाचं लेणं, मग राजाचं.