पंचगंगेत पोहण्यावर बंदी हवी, की पाण्याची खरी माहिती?

घाटकरी
उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात पंचगंगा घाटावर पाठीला डबे बांधून पोहायला शिकणाऱ्या मुलांची झुंबड उडते, आणि नदीत मैलामिश्रित पाणी येत असल्याने येथे पोहण्यास बंदीच घालावी, अशी मागणीही पुढे येते. माझा या मागणीला विरोध आहे. घाटावर बंदी आली की मुले आडबाजूच्या डोहात उतरतील, जिथे हाक मारली तरी ऐकायला कोणी नसते. त्यापेक्षा घाटावर मोठा फलक लावून पाण्याच्या ताज्या तपासणीचा निकाल तारखेसह लिहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही परिस्थितीत २,५०० च्या वर जाऊ नयेत. आज पाण्यात उतरणाऱ्या किती जणांना हे आकडे ठाऊक आहेत?

पाणीतपासनीस
आपल्या हेतूबद्दल शंका नाही, पण या फलकाने घात होईल. कोलिफॉर्मच्या प्रचलित चाचणीत नमुना नळ्यांमध्ये उबवावा लागतो आणि खात्रीचा निकाल हाती यायला दोन ते तीन दिवस जातात. सोमवारी घेतलेल्या नमुन्याचा चांगला निकाल गुरुवारी फलकावर झळकेल, आणि मधल्या बुधवारी वळीव कोसळून जयंती व दुधाळी नाल्यांतून शहराची घाण नदीत उतरलेली असेल. आईवडील फलक वाचून निर्धास्तपणे मुलांना पाण्यात सोडतील. पाणी नितळ दिसते हाही पुरावा नव्हे. कावीळ, हगवण यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पोहायला शिकणारे मूल पाणी गिळतेच. सांडपाणी पूर्णपणे अडवले जाईपर्यंत मुलांना तरी बंदी हवी, असे माझे ठाम मत आहे.

घाटकरी
चाचणीला वेळ लागतो, म्हणूनच फलकावर पावसाचा नियमही हवा. पॅरिसमध्ये सेन नदीत १९२३ पासून पोहण्यास बंदी होती. ५ जुलै २०२५ रोजी तीन ठिकाणे लोकांसाठी खुली झाली आणि पावसामुळे दुसऱ्याच दिवशी ती बंद ठेवावी लागली. तेथे दररोज तपासणी होते आणि झेंड्याच्या रंगावरून पाण्यात उतरावे की नाही, हे कळते. जोरदार पाऊस झाला की पुढचे दोन-तीन दिवस घाटावर लाल झेंडा, एवढे तर आपल्याला उद्यापासून करता येईल. त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

शिरोळवासी
पॅरिसने झेंडे लावण्यापूर्वी पावसाचे सांडपाणी साठवायला जमिनीखाली प्रचंड टाकी बांधली, हेही सांगायला हवे होते. आपल्याकडे पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात, पाणी तुंबते, खाली इचलकरंजीपासून शिरोळपर्यंत जलपर्णी पसरते आणि उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो. हेच पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते आणि तेथे भाविक श्रद्धेने डुबकी मारतात. पोहणारा नदीकाठ सोडून गेला की नदीसाठी ओरडणाराही उरणार नाही, या एकाच कारणासाठी मी बंदीच्या विरोधात आहे. मात्र तुमचा लाल झेंडा कोल्हापूरच्या घाटापुरता असून चालणार नाही, तो आमच्याकडेही हवा.

काठावरचा
सगळी चर्चा जंतूंवर चालली आहे, म्हणून लिहितो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी वरून कोसळते आणि तळाशी उलटे फिरते. त्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी असते, पण त्या पुराच्या पातळ्या आहेत, पोहणाऱ्यासाठी नाहीत. बंधाऱ्याच्या जवळपास पोहण्यास बारमाही बंदी हवी, आणि घाटावर दोर, हवा भरलेल्या ट्यूब व पगारी जीवरक्षक हवेत.

पाणीतपासनीस
बंधाऱ्याबाबत पूर्ण सहमत आहे. पावसानंतरचा लाल झेंडाही मला मान्य आहे, पण पाऊस नसतानाही नाल्याचे पाणी नदीत सुटते, त्या दिवशी झेंडा कोण बदलणार? ती जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरेपर्यंत मुलांच्या बंदीवर मी कायम आहे.