रशचा शेवटचा अल्बम: कान माझे बिघडलेत की रेकॉर्डिंग?

फिरता_चक

मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे. चहा घेऊन बसा.

माझं कोल्हापूरला उद्यमनगरात टर्निंगचं शॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिल आणि गेल्या वर्षी पोराच्या हट्टापायी घेतलेलं एक सीएनसी. वय चौपन्न. १९८९ साली सांगलीला हॉस्टेलवर होतो तेव्हा रूममेटनं मला एक नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट भरून दिली. एका बाजूला रश ह्या रॉक बँडचा '२११२', दुसऱ्या बाजूला 'मूव्हिंग पिक्चर्स'. इंग्रजी तेव्हा धड कळत नव्हतं, आताही गाण्यातलं निम्मंच कळतं. पण ते तिघं कॅनडावाले वाजवायला लागले की वाटायचं, तीन मशिनं एकाच शाफ्टवर चाललीत आणि पट्टा कुठंही घसरत नाही. ती कॅसेट दोनदा तुटली, दोनदा सेलोटेपनं जोडली. 'टॉम सॉयर'मध्ये अजून माझ्या डोक्यात जोडाच्या जागी टक्‌ वाजतं. सीडीवर ते टक्‌ नाही, म्हणून सीडीच चुकीची वाटते.

तर पुण्यातल्या भाच्यानं दिवाळीत त्यांच्या शेवटच्या अल्बमची सीडी आणून दिली. 'क्लॉकवर्क एंजल्स', २०१२ सालचा. कव्हरवर हे मोठं घड्याळ. मी खूश. सात वाजता पोरं गेली, मेन स्विच पाडला, ऑफिसातल्या स्पीकरवर लावला. दोन गाणी झाली आणि कपाळ जड. तिसऱ्याला आवाज कमी केला, चौथ्याला बंद. दोन महिन्यांत चार वेळा असंच झालंय. कुठंच मोकळी जागा नाही, सगळं अंगावर येतं. गणपतीत महाद्वार रोडला डॉल्बीच्या भिंतीपुढं उभं राहिल्यासारखं.

(कॅसेट डेकवर डॉल्बी म्हणजे खरखर कमी करायचं बटण असायचं. आपल्या गावानं त्या शब्दाचं काय केलं बघा.)

आता मला सांगा, तीस वर्षं लेथच्या आवाजात काढल्यावर माझेच कान गेलेत, की रेकॉर्डिंगच तसं आहे, की म्हातारपणी बँडचाच दम संपला होता? आणि पुढची आठ गाणी ऐकण्यासारखी आहेत का? खरं सांगा. भाच्याला 'लई भारी' म्हणून बसलोय.

---

जुनं_ते_सोनं

दम संपला होता. १९८१ नंतरचं काही ऐकू नका. आधी सिंथेसायझर आणला, मग केस कापले, मग आठवणींवर तिकिटं विकली. रिटायर पैलवानानं खासबागेत परत लांग चढवली तर लोक टाळ्या वाजवतात, पण त्या जुन्या कुस्तीच्या असतात.

---

मोरेवाडीची

दादा, तुमचे कान ठणठणीत आहेत. मी लग्नाच्या व्हिडिओंचा साउंड जुळवायचं काम करतो, त्यामुळं ह्या रोगाचे पेशंट रोज बघतो. (हो, मी बाईच आहे आणि 'करतो'च म्हणतो. पुण्याच्या मैत्रिणी हसतात. हसूदेत.)

तुमच्या भाषेत सांगतो. गाण्यात उंचसखल असतं. स्नेअर ड्रमचा फटका उंच, कुजबूज खाली. १९८१ च्या रेकॉर्डवर ही उंचसखल शाबूत आहे. पुढं कंपन्यांना वाटायला लागलं, आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आलं पाहिजे. पण डिजिटलमध्ये वर एक छत असतं, त्याच्यावर जाता येत नाही. मग उंचवटे छाटायचे आणि उरलेलं सगळं उचलून छताला टेकवायचं. तुम्ही जॉब फेस करून सपाट करता ना, तसं. मोठं वाटतं खरं, पण फटक्यातला फटका गेला, आणि कानाला विसावा म्हणून नाही.

रशला हे दुखणं जुनं आहे. २००२ चा 'व्हेपर ट्रेल्स' ह्यात इतका चेचला होता की २०१३ साली डेव्हिड बॉट्रिलकडून अख्खा अल्बम पुन्हा मिक्स करून घ्यावा लागला. 'क्लॉकवर्क एंजल्स' तेवढा वाईट नाही, पण गच्च आहेच. त्यात छोट्या खोलीत पत्र्याचं कपाट आणि काच, म्हणजे बघायलाच नको.

उपाय: आवाज तुम्ही ठेवता त्याच्या निम्म्यावर आणा. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढं ओढा. ट्रेबल थोडा पाडा. आणि पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. सरळ शेवटचं 'द गार्डन' लावा. तिथं छताला टेकलेलं कमी आहे, व्हायोलिन-चेलोला श्वास घ्यायला जागा आहे. ते आवडलं तर मागं या.

आणि @जुनं_ते_सोनं, केस सगळ्यांचेच कापले जातात.

---

झपताल

साउंडचं ताईंनी सांगितलं, मी हाताचं सांगतो. मी तबलावाला. बावीस वर्षं वाजवतोय, त्यातली आठ क्लास घेण्यात गेली.

ड्रमर नील पीर्ट. (उच्चार 'पीर्ट'. 'पर्ट' म्हणू नका, चाहते अंगावर येतात.) ह्या माणसाचं मला काय आवडतं सांगू? १९९० च्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, जगभर नाव झालेलं असताना तो फ्रेडी ग्रूबर नावाच्या म्हाताऱ्या मास्तरांकडं जाऊन पुन्हा पहिल्यापासून बसला. काडी कशी धरायची इथपासून. ग्रूबरचा भर दोन ठोक्यांच्या मध्ये हात कसा फिरतो ह्यावर. ठोका काय, तो पडायचा तसा पडतोच. आमचे गुरुजी हेच सांगायचे, फक्त सोबत एक शिवी असायची.

आपल्या गावाला हे नवं नाही. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बसला, तेव्हा त्यांनी गायकी नव्यानं बांधली. शाहू महाराजांच्या दरबारात कोल्हापूरनं ऐकली ती ही नव्यानं बांधलेली.

आता ह्या अल्बमचं. पीर्ट पूर्वी प्रत्येक गाण्याचे ड्रम आधी घोटून घोटून पक्के करायचा, मग रेकॉर्डिंग. ह्या वेळी त्यानं घोटलंच नाही. निर्माता निक रास्कुलिनेझ त्याच्या समोर काडी घेऊन उभा राहायचा आणि इशारे करायचा, इथं वळ, इथं भर, इथं थांब. साठीला आलेला माणूस, आयुष्यभर पाठांतर करून परीक्षेला बसलेला, तो शेवटच्या पेपराला न वाचता गेला. 'हेडलाँग फ्लाइट' ऐका. सात मिनिटांच्या वर आहे. त्यात तो पळत नाही, ढकलला जातोय.

दम संपलेला माणूस असं करत नाही. बाकी आवडनिवड ज्याची त्याची.

जाता जाता: 'मूव्हिंग पिक्चर्स'मधल्या 'वायवायझी'ची सुरुवात मोजलीत का कधी? टोरांटो विमानतळाचा कोड आहे, मोर्समध्ये वाजवलाय. लांब ठोक्याला दोन, तोकड्याला एक धरा. वाय सात, वाय सात, झेड सहा. वीस. दुगुणीत धरलं तर बरोबर झपतालाच्या दहा मात्रांत बसतं, फक्त विभाग आपल्यासारखे दोन-तीन-दोन-तीन पडत नाहीत. मी क्लासला पोरांना हे देतो, पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

---

फिरता_चक

ताई, स्पीकर ओढले. मागं एक हरवलेलं व्हर्निअर सापडलं, त्याबद्दल वेगळे आभार. फरक आहे, कबूल.

'द गार्डन' रात्री ऐकलं. बोलतो नंतर.

पण एक कळेना. पुस्तिकेत प्रत्येक गाण्याआधी बारीक अक्षरात काहीतरी गोष्ट लिहिलीय. चष्मा लावूनही वाचता येईना. ही गोष्ट सलग आहे का? कोणी मराठीत सांगेल का? आणि ते घड्याळ नऊ बाराच का दाखवतंय?

झपतालराव, वीसचं मला पटत नाही. माझ्या मोजणीत एक कमी येतो.

---

पन्हाळघाट

गोष्ट सलग आहे. मी ती एसटीत बसून वाचली होती, तुम्हाला थोडक्यात देतो.

वाफेवर आणि किमयेवर चालणारं एक जग. सगळ्यांच्या वर एक घड्याळजी बसलेला. तो सगळ्यांची वेळ, काम, नशीब लावून देतो. लोक म्हणतात, जे होतं ते चांगल्यासाठीच. खेड्यातला एक शेतकऱ्याचा पोरगा हे ऐकतच वाढलाय. 'बीयूटूबी' म्हणजे तेच, 'असं मानायला शिकवलं गेलो'. एक दिवस तो वाफेच्या गाड्यांच्या तांड्यात चढून घर सोडतो, ते पहिलं गाणं 'कॅरॅव्हॅन'. म्हणजे तुम्ही चार वेळा घर सोडलंत आणि चारी वेळा चौथ्या गाण्यात परत आलात.

चौथ्यात एक अराजकवादी भेटतो. पाचव्यात जत्रेच्या गर्दीत तो घातपात करायला निघालेला असतो. आपला पोरगा लोकांना सावध करायला ओरडतो, आणि लोक त्यालाच गुन्हेगार समजून मागं लागतात. पुढं एका मुलीत जीव अडकतो, ती तशी नसतेच, त्यानंच तिच्याभोवती प्रभावळ लावलेली असते. मग वाळवंटात सोन्याच्या सात नगरींचा शोध, थंडीनं मरायची वेळ. मग 'द रेकर्स'. किनाऱ्यावरची माणसं वादळात खोटा दिवा दाखवून जहाज खडकावर आणतात आणि माल लुटतात. ह्या गाण्याची गंमत म्हणजे चाल बांधताना बेसवाला गेडी ली गिटार घेऊन बसला आणि गिटारवाला ॲलेक्स लाइफसन बेस. दोघांनी हत्यारं बदलली. म्हणून ते इतकं सरळ आणि गाता येण्याजोगं झालंय.

मग मागं वळून बघणं, मग दीड मिनिटाचं 'बीयूटूबी२', तिथं श्रद्धा पार संपलेली, आणि शेवटी म्हातारा झालेला तो माणूस बागेत. हे बागेचं टोक व्होल्तेअरच्या 'कांदीद'मधून आलंय, १७५९ सालचं पुस्तक. त्यातही एक भोळा पोरगा जगभर मार खाऊन शेवटी बागकामाला लागतो.

नऊ बारा म्हणजे रात्रीचे २१:१२. बघा तुमची कॅसेट.

'कॅरॅव्हॅन' आणि 'बीयूटूबी' ही दोन गाणी २०१० मध्येच नॅशव्हिलला रेकॉर्ड होऊन बाहेर आली होती, बाकी दहा नंतर टोरांटोत. मला ह्या दोनांचा जोड जाणवतो. सुरुवातीलाच तुम्ही दमलात त्याचं हेही कारण असेल. नंतरच्या दौऱ्यात त्यांनी स्टेजवर व्हायोलिन-चेलोवाले बसवले होते. त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग मिळालं तर ते ऐका, ही गाणी तिथं जास्त मोकळी वाटतात.

---

जुनं_ते_सोनं

'द रेकर्स' बरं आहे. बाकी माझं मत तेच. आणि हो, पीर्ट २०२० च्या जानेवारीत गेला तेव्हा मीपण दिवसभर तेच लावून बसलो होतो, त्यामुळं मला शहाणपण शिकवू नका. आता ते दोघं अनिका निलेस नावाच्या जर्मन ड्रमरला घेऊन परत दौऱ्यावर निघालेत म्हणे. खासबाग, परत.

---

झपताल

@जुनं_ते_सोनं, अनिकाचे हात बघा आणि मग बोला.

---

फिरता_चक

रविवारी शॉप बंद असतं. पोराला म्हटलं, स्टॉक मोजायला जातो. आवाज निम्म्यावर, ट्रेबल पाडलेला, स्पीकर भिंतीपासून सोडलेले. गोष्ट पन्हाळघाटांनी सांगितली तशी कागदावर लिहून समोर ठेवली. पूर्ण सहासष्ट मिनिटं ऐकला. उठलो नाही. मधे एकदा भंगारवाला आला, त्याला हातानंच 'उद्या' म्हटलं.

आता माझा हिशोब. 'कॅरॅव्हॅन' मला अजूनही जड जातं. 'कार्नीज' आणि 'विश देम वेल' नसती तरी चाललं असतं. भाच्याला सांगणार नाही, पण ही दोन भरताड आहेत. बारा जॉबांत दोन रिजेक्ट. मी स्वतः ह्यापेक्षा वाईट लॉट पाठवलेत आणि पैसे घेतलेत.

'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड'ची सुरुवात बेसनं होते, तिथं मी खुर्चीत सरळ बसलो. 'द रेकर्स' दोनदा ऐकलं. खोटा दिवा दाखवून बोलवायचं आणि खडकावर आणायचं, ह्या धंद्यात मी अशा दोन पार्ट्या बघितल्यात. ऑर्डर दाखवली, मी मटेरिअल भरलं, मग फोन बंद. नावं नको.

'हेडलाँग फ्लाइट'ला झपतालरावांचं वाक्य आठवलं आणि मी फक्त ड्रम ऐकले. ह्या माणसानं १९९७-९८ मध्ये दहा महिन्यांत आधी मुलगी घालवली, मग बायको, आणि मोटरसायकल काढून हजारो मैल एकटा हिंडत राहिला, हे भाच्यानं फोनवर सांगितलं. मला माहीतच नव्हतं. माझ्या कॅसेटवर तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि तिथंच राहिला होता.

'द गार्डन'बद्दल बोलतो म्हटलो होतो. ते ऐकताना मी जुन्या लेथकडं बघत होतो. पोरगा म्हणतोय विकून टाकू, जागा अडते. १९९४ चं मशिन आहे, वडिलांनी कर्ज काढून घेतलं होतं. बेडला खाच पडलीय, चकाच्या पुढच्या वीतभर जागेत आता माप धरत नाही. पण लांबचं काम अजून सुतात देतं. गाण्यातला तो लाइफसनचा सोलो संपला तेव्हा मी उठून त्याला तेल घातलं. रविवारी. उगाचच.

विकायचं की नाही ते इथं विचारत नाही, तुम्ही लगेच चार बाजू सांगाल.

झपतालराव, 'वायवायझी' मी परत मोजलं, अजून एकोणीसच येतात. शनिवारी सातनंतर तबला घेऊन या, एकदाचं भांडून घेऊ. ताई, तुम्हीपण या आणि ते ट्रेबलचं बटण नीट लावून द्या. जुनं_ते_सोनं आले तरी हरकत नाही, त्यांच्यासाठी कॅसेट डेक अजून चालू आहे. शटर अर्ध्यावर असेल, वाकून या. खाली लोखंडाची बर सांडलेली असते, चप्पल काढू नका.