प्रतिसाद: चिनी कुटुंबं आणि स्किझोफ्रेनिया
वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतले चिनी लोक घरातला मानसिक पेशंट लपवून ठेवतात, ते अर्धंच खरं आहे हो. न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगला आमच्या खालच्या मजल्यावरच्या चिनी आजी रोज रात्री मुलाला गोळी देऊन तो गिळेपर्यंत पाण्याचा ग्लास धरून उभ्या राहायच्या, आणि डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून जायची १२ वर्षांची नात, बापाला कानात आवाज येतात हे तिनेच इंग्रजीत सांगायचं, कसं झेपणार त्या पोरीला? त्यात स्किझोफ्रेनियाचा जुना चिनी शब्दच 'मन दुभंगल्याचा आजार' असा. तैवानने २०१४ मध्ये तो बदलला ते फार चांगलं केलं. हॉस्पिटलकडे दुभाषी मागा, तो फुकट मिळतो, लेकरांना मधे घालू नका प्लीज.