'पांडुरंग आहे ना' या वाक्यात खरंच काही आहे का?

तुळशीमंजिरी

आधीच सांगून टाकते. माझा धाकटा भाऊ गेला. सव्वीस वर्षांचा होता, रक्ताचा कॅन्सर होता, मुंबईत परळला सात महिने उपचार चालले. 'तुमचं माणूस वाचलं म्हणून तुम्हाला देव आठवतो' असं पुढे कोणी म्हणू नये, म्हणून हे सुरुवातीला लिहिते. वाचलं नाही.

तरी धागा काढते आहे, कारण परवा वर्षश्राद्धाला आलेल्या एका नातेवाइकांनी आईला तोंडावर विचारलं, "एवढी माळकरी तू, मग तुझ्या पांडुरंगाने केलं काय?" आई गप्प बसली, ताटं वाढत राहिली. मला मात्र बोलायचं आहे.

आम्ही पंढरपूर तालुक्यातले, वारी घरात तीन पिढ्यांची. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलला येणारी गावोगावची माणसं तिथे उतरतात. रोज कोणाचा तरी रिपोर्ट यायचा आणि रोज कोणी तरी जिन्यात बसून रडायचं. एका रात्री, बोनमॅरोचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता तेव्हा, भाऊ म्हणाला, "आई, मला भीती वाटते." मला वाटलं, आई नेहमीसारखं म्हणेल, 'काही होणार नाही, पांडुरंग आहे ना.' पण ती म्हणाली, "मलापण वाटते रे. दोघं मिळून त्याला सांगू." आणि दोघांनी हरिपाठ म्हटला. अर्ध्यातच तो झोपला. त्या आठवड्यात पहिल्यांदा रात्रभर झोपला.

रिपोर्ट वाईटच आला.

माझं म्हणणं एवढंच आहे. देव काळजी घेतो याचा अर्थ 'भीती वाटते ती गोष्ट घडणार नाही' असा आईने कधीच घेतला नव्हता. तो अर्थ आपण लावतो आणि मग देव खोटा पडला म्हणतो. तुकोबांचंच बघा. १६३०-३२ च्या दुष्काळात दुकान बुडालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, झाकलेलं नाही. याच माणसाच्या अभंगांवर आज लाखो लोक चालत पंढरीला येतात. त्याच्या भरवशाला 'सुखात असणाऱ्याचा भरवसा' म्हणता येईल का?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विरोधातलंही लिहा, पण तिच्यावर हसू नका.

कृष्णाकाठचा

ताई, हसणार नाही. तुमच्या आईबद्दल आदरच आहे. पण सहमत नाही, आणि का ते नीट सांगतो.

माझ्या वडिलांना डायबेटिस होता. गावाजवळच्या एका बाबाने सांगितलं, 'इन्शुलीन सोड, अकरा गुरुवार कर, देवावर सोपव.' वडिलांनी सोपवलं. डाव्या पायाला जखम झाली, चिघळली, शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ते पाप करणारे नव्हते, आळशी नव्हते, फक्त घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाला 'देवावर सोपव' हे वाक्य फार गोड लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी ते सगळ्यात धोक्याचं असतं.

१८९७ च्या प्लेगमध्येही लोक घाबरलेले होते. त्या वेळी उपयोगी पडलं काय? हाफकिनने मुंबईत लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. सावित्रीबाई प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात पोचल्या आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ ला गेल्या. काळजी म्हणतात ती ही. ती माणसांनी घेतली.

आणि दुसरं. माणूस वाचला तर देवाची कृपा, नाही वाचला तर देव सोबत होता. मग असं काय घडलं असतं म्हणजे तुम्ही म्हटलं असतं की देवाने काळजी घेतली नाही? ज्या वाक्याला खोटं पडण्याची जागाच नाही, त्याच्यावर भार कसा टाकायचा?

टाळकरी

माउली, देव आपल्या लाडक्या भक्ताचीच परीक्षा पाहतो. प्रारब्ध भोगूनच संपवावं लागतं. तुमचा भाऊ सुटला असं समजा. रडू नका, विश्वास कमी पडू देऊ नका.

तुळशीमंजिरी

टाळकरी काका, तुम्ही मायेनेच लिहिलंय हे कळतं. पण हे मला मान्य नाही, आणि कृष्णाकाठच्यांच्या आधी तुम्हालाच उत्तर देते. सव्वीस वर्षांच्या पोराला सात महिने सुया टोचून परीक्षा घेणारा देव मला नको. 'रडू नका' हे तर अजिबात नको. आमची जनाबाई 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' म्हणते. तुकोबा एका अभंगात सरळ म्हणतात, 'माझे लेखीं देव मेला'. इतकं बोलूनही ते वारकरीच राहिले. भरवसा असतो त्याच्याशीच माणूस असं भांडतो, परक्याशी कोण भांडत बसतं?

कृष्णाकाठचे दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आम्ही एकही केमो चुकवली नाही. प्लेटलेट्स लागायच्या तेव्हा आई हातात माळ घेऊन रक्तपेढीबाहेर बसायची आणि मी दाते शोधत फोन करत बसायचे. दात्याला मशीनला दीड-दोन तास बसावं लागतं. ओळख ना पाळख, विक्रोळीचा एक कॉलेजचा मुलगा दोनदा येऊन बसला. तुम्ही म्हणाल ही माणसाने माणसाची घेतलेली काळजी. आई म्हणते, तो पांडुरंगाने पाठवला. खोटं पडण्याच्या कसोटीवर मी हरले, कबूल. पण आईने माझ्याकडे कसोटी मागितली नव्हती. तिला रात्री कोणाशी तरी बोलायचं होतं. मी झोपलेली असायचे, डॉक्टर घरी गेलेले असायचे, आणि तो जागा आहे असं तिला वाटायचं.

कोरडवाहू

मी यवतमाळ जिल्ह्यातली. २०१७ ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, बोंडं फोडली की आत नुसती कीड. त्या हंगामानंतर बाबांनी जीव दिला. कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं होतं, म्हणून मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं.

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने आईला हेच सांगितलं: देवाची मर्जी. धीर धर. 'ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें.' हे सांगणाऱ्यात सावकाराचा भाऊही होता. तेव्हापासून ती ओळ ऐकली की माझ्या डोक्यात आग होते. कोणी ठेवलं आम्हाला असं? अनंताने ठेवलं का? भाव कोण ठरवतं, बियाणं कोण विकतं, व्याज कोण लावतं, त्यांची नावं आहेत. अनंताचं नाव घेतलं की ती सगळी नावं मागे लपतात.

मंजिरी ताई, तुम्ही तुकोबा सांगितले. मी चोखोबा सांगते. जन्मभर विठ्ठल विठ्ठल केलं, देवळात पाऊल टाकू दिलं नाही. मंगळवेढ्याला वेठीने भिंत बांधायला नेलं आणि ती भिंत अंगावर पडून मेला. समाधी कुठे, तर नामदेव पायरीपाशी, देवळाच्या बाहेर. ही काळजी? त्या देवाने आतून एकदा दार उघडलं असतं तर?

मला उत्तर नको आहे खरं तर. पण 'भरवसा ठेवा' म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

कृष्णाकाठचा

कोरडवाहू ताई, तुम्ही लिहिलंत त्यापुढे माझा वाद फार पुस्तकी वाटतो. मी थांबतो थोडा.

रविवारची घंटा

मी श्रीरामपूरचा, ख्रिस्ती. लिहावं की नाही असं वाटत होतं, कारण धागा पांडुरंगाचा आहे. पण आमच्या शास्त्रातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते.

एलीया नावाचा संदेष्टा होता. राणी ईजबेल त्याच्या जिवावर उठली तेव्हा तो घाबरून पळाला. रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, 'परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे.' देवाचा एवढा मोठा माणूस, आणि मरण मागतो. यावर देव त्याला काय सांगतो? उपदेश करत नाही. विश्वास कमी का पडला विचारत नाही. एलीयाला झोप लागते. देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, 'ऊठ, खा.' उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, परत झोपतो, परत उठवून खाऊ घालतात. देव त्याच्याशी बोलतो ते फार नंतर.

माझा धंदा बुडाला होता तेव्हा आमच्या पाळकांनी एवढंच केलं. प्रार्थना दोन मिनिटांची, आणि सोबत बायकोने दिलेला डबा. एकवीस दिवस रोज. मी तेव्हा देवावर चिडलेलो होतो, डबा मात्र खायचो. आज मागे बघितलं की वाटतं, काळजी येते ती डब्यासारखीच येते. तेव्हा ओळखता येत नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. आई, वडील, बहीण दुष्काळात गेली. पुढे १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली उचलून आणल्या आणि मुक्ती मिशनमध्ये वाढवल्या. शेवटी मुलगी मनोरमा १९२१ ला त्यांच्या आधी गेली. प्रार्थना त्यांनी सोडली नाही, आणि विहिरी खणणंही थांबवलं नाही. कोरडवाहू ताई, तुमच्या बाबांसाठी या रविवारी प्रार्थना करणार आहे. तुम्हाला चालणार नसेल तर सांगा.

कोरडवाहू

करा. चालेल.

रात्रपाळी

मी नर्स आहे, वीस वर्षं वॉर्डात. दोन्ही बाजू रोज बघते.

श्रद्धा असलेला पेशंट शांत असतो असं सरसकट नाही. काही जण नाव घेत शांत होतात, श्वास संथ होतो, हे मी हात धरून अनुभवलंय. काही जण मात्र 'माझं काय चुकलं, कोणता नेम मोडला' यातच जळत असतात. आजारापेक्षा तो अपराध जास्त खातो. टाळकरींसारखं बोलणारे भेटायला आले की मी शक्यतो त्यांना बाहेर बसवते, राग मानू नये. 'विश्वास कमी पडू देऊ नका' याचा पेशंटच्या कानात अर्थ होतो: बरा झालो नाही तर दोष माझाच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. झोप उडणं, जेवण सुटणं, आठवडेच्या आठवडे काहीच नको वाटणं, जगणं नकोसं होणं, हा विश्वासाचा प्रश्न नसतो. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. देवाचं नाव घेत घेत फोन लावा, पण लावा. रामदासांनीच 'यत्न तो देव जाणावा' म्हटलंय.

टाळकरी

वाचलं. माझी बायको गेली तेव्हा मला लोकांनी हेच सांगितलं होतं, तेच मी पुढे सांगत आलो. मंजिरी ताई, चुकलं असेल तर माफ करा.

कृष्णाकाठचा

माझं मत बदललेलं नाही, पण थोडं सरकलंय. दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं आता वाटतं. एक, देवाच्या नावाने माणसाला उपाय करू न देणं. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं गुन्हा आहे. दुसरी, देवाचं नाव घेत राहणं. त्याच कायद्याने कीर्तन, भजन, यात्रा यांना हात लावलेला नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही फरक दिसला होता, मला रागात दिसत नव्हता.

तरी मंजिरी ताई, एक सांगतो. वडील आता कुबडी घेऊन चालतात आणि अजून देवपूजा करतात. मी शेजारी बसत नाही. मला त्यात तो इन्शुलीन सोडायला सांगणारा बाबाच दिसतो. श्रद्धेची बरी बाजू बघायला त्या घरातल्या माणसाला वेळ लागतो, हे तुमच्यासारख्यांनी समजून घ्यावं.

तुळशीमंजिरी

समजून घेते दादा. नका बसू. पण वडिलांना कधी विचारा, पाय गेल्यावर ते देवाला काय म्हणाले. मला वाटतं ते भांडले असतील.

कोरडवाहू, तुमचं लिहिणं मी चार वेळा वाचलं. चोखोबांच्या भिंतीचं उत्तर माझ्याकडे नाही. देवाने आतून दार उघडलं नाही हे खरं आहे. ते उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहावं लागलं. 'ठेविलें अनंतें' ही ओळ आपल्या मनाला सांगायची असते असं मला वाटतं. दुसऱ्याच्या दारात, तेराव्याला, ज्याचं देणं आहे त्याच्या भावाने ती म्हणणं हा तुकोबांचाही अपमान आहे.

एक मात्र सांगते. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. बापाचं सगळं बघितलेला. त्याने लिहिलंय:

'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती'

कोरडवाहू

हा अभंग मला माहीत नव्हता. शाळेत चोखोबांचा 'ऊस डोंगा' होता फक्त. पुढची ओळ काय?

तुळशीमंजिरी

'जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता'

काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिला मोबाईलवरचं बारीक दिसत नाही. नातेवाइकांच्या प्रश्नावर तिने अजूनही काही उत्तर दिलं नाही. तुमचं आलं तेव्हा मात्र तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "त्या यवतमाळच्या पोरीला विचार, तिची आई जेवते का नीट."

कोरडवाहू

एक वेळ जेवते. संध्याकाळी. कापूस वेचायला जाते तेव्हा मी डबा देते, पण निम्मा परत येतो.