बी पेरून फुलवलेली आणि खाल्लेली फुले : तुमचे अनुभव सांगा

परसदार
गेल्या आठवड्यात डब्यांची आवराआवर करताना एका पुरचुंडीत हादग्याच्या बिया सापडल्या आणि कऱ्हाडच्या आमच्या वाड्यामागचे झाड डोळ्यांसमोर उभे राहिले. भोंडल्याच्या दिवसांत आजी सकाळी झाडावरची पांढरी फुले काढून आणायला लावी, प्रत्येक फुलाच्या पोटातला कडू दांडा स्वतः खुडून टाकी आणि डाळीचे पीठ पेरून त्यांची भाजी करी. एका वर्षी तिने तीच भाजी खिरापत म्हणून झाकून ठेवली, तेव्हा करंजीपासून कोथिंबीरवडीपर्यंत सगळी नावे घेऊनही एकाही मुलीला ती ओळखता आली नाही. पुरचुंडीतल्या बिया चार वर्षांपूर्वीच्या आहेत. रात्रभर भिजवून बारा पेरल्या, त्यांतल्या तीन उगवल्या. आता मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पुढे काय करायचे हा प्रश्नच आहे. आपणही बियांपासून खाण्याजोगी फुले फुलवली असतील, तर अवश्य लिहावे.

नीलभात
माझा अनुभव गोकर्णीचा आहे. पहिल्या खेपेला बिया तशाच मातीत टोचल्या आणि महिनाभर वाट पाहिली, पण काहीही उगवले नाही. त्या बीचे कवच फार टणक असते, हे शेजारच्या काकूंनी सांगितल्यावर दुसऱ्या खेपेला प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासली, रात्रभर पाण्यात ठेवली आणि ज्या फुगल्या तेवढ्याच लावल्या. आठव्या दिवशी कोंब दिसले. फुलांचे पाणी घालून निळा भात केला, तेव्हा सासऱ्यांनी शाई सांडली का, असे विचारले. त्यावर लिंबू पिळताच भात जांभळा झाला आणि त्यांनी तो मुकाट्याने संपवला. चव मात्र भाताचीच होती, गोकर्णीला स्वतःची अशी चव जवळजवळ नसतेच.

भोपळेकाकू
भाजीतल्या भोपळ्याच्या बिया मी उकिरड्याशेजारी टाकते आणि वेल आपोआप मांडवावर जातो. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या सूनबाईंनी हौसेने सकाळी दहा फुले खुडून आणली आणि भजी उत्तम झाली, पण त्या दहांपैकी सात फुलांच्या बुडाशी इवलासा भोपळा होता. भज्यांसाठी लांब, सडपातळ देठाची नरफुले तोडावीत, तीही सगळी नव्हेत, कारण परागकणांसाठी थोडी वेलावर राहायला हवीत. त्या वर्षी आम्ही भोपळा विकत आणला. मी तिला काही बोलले नाही, इथेच काय ते बोलते आहे.

नीलभात
काकू, सूनबाई हे वाचत नसतील, अशी आशा आहे.

गच्चीवाला
नाशिकला दिवाळीनंतर गच्चीवर नॅस्टर्शियमच्या बिया लावल्या होत्या. प्रेमापोटी दर आठवड्याला शेणखताचे पाणी घातले आणि कमळासारखी गोल पाने ताटाएवढी माजली. फुले मात्र आली मोजून चार. खत बंद केल्यावर महिन्याभराने केशरी फुलांनी कुंडी भरली. पाकळ्यांना हळिवासारखा तिखट झणका असतो, तो दह्याच्या कोशिंबिरीत फारच खुलतो. मार्चच्या उन्हात वेल करपले, पण त्यापूर्वीच्या हिरव्या बिया मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवल्या होत्या, त्या मेपर्यंत पुरल्या.

एडिसनहून
इकडे न्यू जर्सीत मेच्या मध्यापर्यंत रात्रीच्या गारठ्याचा भरवसा नसल्याने झुकिनीचे बी मी घरात, खिडकीशी रुजवते. फुले येतात जूनच्या अखेरीस, आणि भोपळेकाकू सांगतात तसेच इथेही नरफुलांचेच भजे करायचे असते. मागच्या वर्षी पीठ भिजवून पहाटे अंगणात गेले, तर एकही फूल शिल्लक नव्हते. आमच्याकडची खिरापत हरणांनी ओळखली.

अंबाडीप्रेमी
विषयाला किंचित फाटा फोडतो, क्षमस्व. लाल अंबाडीचे आपण ज्याला फूल म्हणतो आणि ज्याचे सरबत व चटणी करतो, ती वस्तुतः फूल गळल्यावर बोंडाभोवती उरणारी मांसल निदले आहेत. जूनमध्ये बी पेरले तरी दिवस लहान होऊ लागेपर्यंत ती फुलत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये निराश होऊन उपटू नये. मी उपटली होती.

भोपळेकाकू
उपटलेल्या अंबाडीची भाजी तरी केलीत ना?

अंबाडीप्रेमी
केली. लसणाच्या फोडणीची, ज्वारीच्या भाकरीबरोबर.

गच्चीवाला
एक काळजीची गोष्ट लिहून ठेवतो. बाजारात हारासाठी मिळणाऱ्या झेंडूवर आणि गुलाबावर फवारणी झालेली असते, त्यामुळे ती फुले ताटात घेऊ नयेत. आणि कण्हेर, बिट्टी व धोतरा घरच्या अंगणातले असले तरी विषारीच आहेत. लहान मुलांना ‘फुले खातात’ एवढेच सांगून थांबणे धोक्याचे असते, हे माझ्या पुतण्याने बिट्टीचे फूल तोंडाशी नेले तेव्हा समजले.

पानमळा
परसदारसाहेब, हादगा कुंडीत फार काळ टिकणार नाही. तो सरसर वाढतो, लाकूड ठिसूळ असते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाऱ्यात फांदी मोडायला वेळ लागत नाही. मिरज तालुक्यातल्या आमच्या मळ्यात पानवेलींना आधार आणि सावली देण्यासाठी शेवरी, शेवगा यांच्याबरोबर हादगाही लावतात. फुलांची भाजी हे आमचे वरकड उत्पन्न, आणि ते घरातच संपते. रोपे आणून दिलीत, तर बांधावर जागा आहे.

परसदार
अत्यंत आभारी आहे. तीनपैकी एक रोप काल रात्री गोगलगाईने फस्त केले, उरलेली दोन रविवारी घेऊन येतो.

पानमळा
अवश्य यावे. फक्त फुलातला दांडा काढायला माणूस आपणच आणायचा.