न धावलेल्या गाडीचा 'रेसिंगचा वारसा'

टॅपेट
परवा इथे कुणीतरी जॅग्वार एक्सजे१३चा फोटो टाकून खाली लिहिलं, "ले मान्सची राणी. रेसिंगचा वारसा!" त्यावर बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

राणी कसली? ती ले मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीला, गेलीच नाही. तिथेच काय, आयुष्यात एकही शर्यत धावलेली नाही. वारसा म्हणून जो मिरवताय तो जॅग्वारच्याच जुन्या रेसिंग गाड्यांचा, सी-टाइपचा (१९५१, १९५३) आणि डी-टाइपचा (१९५५, ५६, ५७). त्या पाच विजयांना मुजरा. पण आजोबांनी मैदान मारलं म्हणून नातवाला कुणी गदा देत नाही.

एकच गाडी बनली, १९६६ साली. ५ लिटरचं व्ही१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन, ५०२ अश्वशक्ती, तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे. पण त्याच वर्षी फोर्ड ७ लिटरचं धूड घेऊन ले मान्स जिंकून मोकळी झाली, त्याच वर्षी जॅग्वारने बीएमसीशी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) सोयरीक केली, आणि १९६८पासून प्रोटोटाइपला, म्हणजे अशा खास शर्यतीसाठी बनलेल्या गाड्यांना, ३ लिटरची मर्यादा आली. विषय संपला. गाडी कोपऱ्यात.

बरं, आज दिसते ती तरी तीच आहे का? जानेवारी १९७१मध्ये इंग्लंडमधल्या 'मिरा' या टेस्ट ट्रॅकवर जॅग्वारच्याच व्ही१२ ई-टाइप स्पोर्ट्स कारच्या प्रसिद्धीसाठी शूटिंग चाललं होतं, तेव्हा तिने कोलांट्या खाल्ल्या. पत्र्याचा चोळामोळा. १९७३मध्ये नवी बॉडी करून उभी केली. थोडक्यात, न धावलेल्या गाडीच्या डागडुजीपुढे तुम्ही गहिवरताय.

गेडनचा_वारकरी
ती पोस्ट माझीच होती. 'राणी' शब्द मागे घेतो, चुकलं. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

मी इंग्लंडात कोव्हेंट्रीजवळ राहतो. गेडनच्या मोटार संग्रहालयात आतापर्यंत सहा वेळा तिच्यासमोर उभा राहिलोय, एकदा तर आईला घेऊन. आईला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, "माशासारखी आहे रे, हात लावला तर निसटेल." तिचा आकार काढणारा माल्कम सेयर विमान कंपनीतून आलेला माणूस, गाडीचा आकार गणित मांडून काढायचा. आईला सेयर माहीत नाही, पण बरोबर तेच दिसलं.

आणि "धावलीच नाही"? जुलै १९६७मध्ये रेसिंग ड्रायव्हर डेव्हिड हॉब्सने मिराला ताशी १६१.६ मैलांची फेरी मारली. म्हणजे २६० किलोमीटर, सरळ रस्त्यावर नाही, पूर्ण फेरीची सरासरी! शर्यत लावली नाही हा साहेबांचा निर्णय, गाडीचा काय दोष?

टॅपेट
दोष नाही म्हणतोयस, मग गुण कुठला? नेटमध्ये रोज शतक ठोकणारे आमच्या गल्लीतही होते.

भाऊ_फिटर
कोलांट्या कशाने खाल्ल्या तेही सांगा की. मागचं चाक मोडलं. मॅग्नेशियमची चाकं, काही वर्षं पडून राहिलेली. अशा चाकांवर तेवढा वेग घ्यायचा म्हणजे मरणाशी गाठ.

ओव्हरस्टिअर
@भाऊ_फिटर, टायर आधीच खराब होता आणि साहेबांनी जोरात पळवू नको म्हणून बजावलं होतं, असंही सांगतात. पण चालवणारा जॅग्वारचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस ऐकणारा नव्हता.

भाऊ_फिटर
'असंही सांगतात' म्हणून चाक चिकटत नाही हो. चाळीस वर्षं पाने हातात आहेत. ड्रायव्हर मेला नाही की खापर ड्रायव्हरवर, मेला की नशिबावर. ड्यूइस डॅशबोर्डखाली दबकला म्हणून वाचला. त्याने १९५३मध्ये बेल्जियममधल्या याबेकेच्या हमरस्त्यावर जॅग्वारची एक्सके१२० ताशी १७२ मैलांनी पळवली होती. त्याला टायर शिकवू नका.

अण्णा_जुनाबाजार
टॅपेटराव, नवी बॉडी केली म्हणून तुम्ही 'डागडुजी' म्हणालात, ते माझ्या जिव्हारी लागलंय.

वडिलांची १९५७ची डुक्कर फियाट. पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगला. १९९१ला ते गेले आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली ती वीस वर्षं. फ्लोअर पूर्ण सडला, दाराच्या खालच्या कडा हाताने तुटायच्या. कोल्हापूरच्या एका मेस्त्रींनी चौदा महिने पत्रा ठोकला, जुन्या दाराचं माप घेऊन नवं केलं. लांबी (पुट्टी) फासून झाकलं नाही, पत्र्याला पत्रा जोडला. इंजिन तेच, १०८९ सीसी, फक्त बोअर केलं. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा आईने आतून निरांजन आणलं आणि स्टिअरिंगला ओवाळलं. आता तुम्ही सांगा, ती माझ्या वडिलांची गाडी की डागडुजी?

टॅपेट
अण्णा, तुमच्या आईंना नमस्कार. पण कायद्याला विचारा. २०२१च्या विंटेज नियमात पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. मी नाही, नियमच म्हणतोय. त्या हिशेबाने एक्सजे१३ आपल्याकडे विंटेज म्हणून पास व्हायची नाही.

अण्णा_जुनाबाजार
नियम मला शिकवताय? दोन वर्षं तीच फाइल घेऊन फिरतोय! एका कचेरीतल्या बाबूने जुन्या आरसीवरून चेसिस नंबर उतरवताना ३चा ८ केला. दुरुस्त करायला गेलो तर म्हणे, "नंबर जुळत नाही, गाडी चोरीची असू शकते." माझ्या बापाची गाडी मी चोरली! चार वेळा पेन्सिल घासून नंबराचा ठसा काढून दिला. चौथ्या वेळी साहेब रजेवर. आणि इथे तुम्ही एसीत बसून फेरफार-फेरफार करताय.

ओव्हरस्टिअर
अण्णा, थोडा फ्लोअर बदलला तर तो 'मोठा फेरफार' होत नाही. माझ्या मामाने लॅम्ब्रेटाचं...

भाऊ_फिटर
लॅम्ब्रेटाचं राहू द्या. दार नवं केलं म्हणजे बॉडीला हात लागलाच. पण मूळ मापात केलं असेल तर माझ्या मते चालतं. कागदावर काय चालतं ते देव जाणे.

पिंपरीचा_पिस्टन
सगळे १९६६ला चिकटलात. टाटांनी २००८ला जॅग्वार घेतली तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग २०१०ला पॅरिसला सी-एक्स७५ ही जॅग्वारची सुपरकार दाखवली. नंतर विल्यम्सच्या एफ-वन मंडळींना घेऊन चालत्या प्रोटोटाइप केल्या, १.६ लिटर इंजिन आणि वीजमोटारी, ८५० हून जास्त अश्वशक्ती. २५० गाड्या होणार होत्या. डिसेंबर २०१२ला रद्द! कारण काय तर आर्थिक परिस्थिती. शेवटी सिनेमातल्या व्हिलनला मिळाली. एक्सजे१३चीच पत्रिका, फक्त या वेळी मालक मुंबईचे.

टॅपेट
हा मुद्दा मात्र बिनतोड. प्रोटोटाइप करायची, फोटो काढायचे, गुंडाळायची. घराण्याची परंपरा म्हणायची ती हीच.

गेडनचा_वारकरी
टोमणा पोचला. पण एक सांगा: त्या 'वाया गेलेल्या' व्ही१२वर केलेला अभ्यासच पुढे १९७१च्या ई-टाइपच्या ५.३ लिटर इंजिनाला उपयोगी पडला ना? चारऐवजी दोन कॅमशाफ्ट झाल्या, पण मुळं तिथलीच. आणि १९७३ची बॉडी हवेतून नाही आली, मूळ बॉडीसाठी केलेल्या साच्यांतले काही तेव्हा वापरले.

टॅपेट
काही. सगळे नाहीत. ती मूळ गाडीची तंतोतंत प्रतिकृती नाही हे जॅग्वारवाले स्वतः सांगतात. इंजिनाचं मान्य. ई-टाइपची आजी म्हणा, मी टाळ्या वाजवतो. ले मान्सचं नाव काढलंत तर पुन्हा येईन.

अण्णा_जुनाबाजार
म्हणजे साचा जुना असेल तर चालतं? मेस्त्रींनी जुन्या दाराच्याच मापाने केलंय. मग माझीही तीच गाडी झाली की नाही?

टॅपेट
अण्णा, हात जोडतो. तुमची तीच गाडी. १००% तीच. आता धागा परत जॅग्वारवर येऊ द्या.

अण्णा_जुनाबाजार
असं उपकार केल्यासारखं नको.

टॅपेट
बरं, उपकार नाही, व्यवहार. डुक्करच्या मागच्या दिव्याची एक काच माझ्या माळ्यावर आहे, उजव्या बाजूची, तडा नाही. पत्ता कळवा, कुरिअरचे पैसे तुमचे.

अण्णा_जुनाबाजार
उजवी आहे माझ्याकडे. डावी फुटलीये.